कुतच्या कैदेत वारलेल्या पणजोबांचे कागद एकमेकांशी जुळत नसतील तर

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्या आणि परत न आलेल्या मराठा शिपायांच्या नोंदी आम्ही शोधून देतो. एका कागदावर एक तारीख, दुसऱ्यावर दुसरी आणि पलटण तिसरीच, मग खरे काय धरायचे, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घर विचारते. कागद पाठवण्याआधी हे पत्रक एकदा वाचावे.

सर्वांत जास्त वेळ कशात जातो, ते आधी सांगतो. घरच्यांनी आधीच ‘दुरुस्त’ केलेला तक्ता आमच्याकडे येतो. एका नोंदीतून नाव, दुसरीतून गाव, तिसरीतून तारीख घेऊन, सोयीचे तेवढे ठेवून एकच स्वच्छ पान केलेले असते. त्यात दोन गणपत शिंदे मिसळून एक झालेले असतात आणि ते पुन्हा वेगळे करायला मूळ शोधापेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणून जसे सापडले तसे पाठवा. प्रत्येक नोंद वेगळ्या ओळीत, चुकीच्या स्पेलिंगसह आणि कुठे मिळाली त्या उल्लेखासह हवी.

आता पलटणीचे. तुर्कांनी वेढलेले मेसोपोटेमियातले कुत-अल-अमारा हे गाव २९ एप्रिल १९१६ रोजी पडले आणि आतली फौज कैद झाली, तेव्हा सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या काळी शिपायाचा नंबर पलटणीपुरताच असे. त्यामुळे १०३ मधला २१४५ आणि ११० मधला २१४५ ही दोन वेगळी माणसे असतात. पलटणीशिवाय नुसत्या नंबराचा उपयोग नाही. आणखी एक, ‘११० वी पलटण, मेसोपोटेमिया, १९१६’ एवढ्यावरून माणूस कैदेत होता असे ठरत नाही. वेढा पडल्यावर या पलटणींची नवी कुमक आत पोचू शकली नाही. ती माणसे बाहेर, वेढा फोडायला निघालेल्या फौजेत लढली आणि तिथेही पुष्कळ पडली. १९२२ च्या फेररचनेनंतर १०३ ची १/५ (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण), ११० ची ३/५ आणि ११७ ची ५/५ मराठा झाली. घरात ‘थ्री फाईव्ह’ म्हणत असतील आणि कागदावर ११० असेल, तर तो विरोध नव्हे.

नाव शोधताना इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐकावे. शिंदे ‘सिंदे’ होतात, पवार ‘पोवार’, आणि गणपतरावांचा ‘राव’ गळून पडतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात वारलेल्यांच्या कबरी, स्मारके आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) यादीत आडनावाच्या रकान्यात बहुधा पूर्ण नावच असते आणि ते पहिल्या नावाने सुरू होते. तिथे नुसते आडनाव टाकून ‘सापडत नाही’ म्हणू नये. जिल्हाही त्या काळचा धरावा. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यात होते, मालवण-देवगड रत्नागिरीत. सावंतवाडी आणि कोल्हापूर ही संस्थाने होती. खेड पुणे जिल्ह्यातही आहे आणि रत्नागिरीतही, तेव्हा तालुका लिहिल्याशिवाय पाठवू नका.

तारीख हा सगळ्यांत कच्चा पुरावा, आणि घरचे नेमके तिलाच सर्वांत घट्ट धरतात. कैद्यांना बगदाद, मोसुलवरून रास-अल-ऐनकडे (आजच्या सीरियात) रेल्वेच्या कामावर चालवत नेले. वाटेत कोण कुठे पडला हे त्या वेळी कोणी लिहून ठेवत नव्हते. मग एका कागदावर शरणागतीचा दिवस ‘बेपत्ता’ म्हणून लागतो, दुसऱ्यावर खबर मिळाल्याचा दिवस, तिसऱ्यावर परत आलेल्या सोबत्याने आठवून सांगितलेला. दोन तारखांत बरोबर १३ दिवसांचा फरक असेल तर मात्र थांबा. तुर्कांचे सरकारी रूमी कॅलेंडर १९१७ च्या फेब्रुवारीपर्यंत आपल्या इंग्रजी तारखेच्या १३ दिवस मागे होते. १ मार्च १९१७ पासून हा फरक मिटवला. त्याआधीच्या तुर्की कागदावरची तारीख कोणी न बदलता उतरवली असेल, तर दोन्ही नोंदी खऱ्या आणि एकाच दिवसाच्या असू शकतात.

आम्ही आधी नंबर आणि पलटण जुळवतो, मग वडिलांचे नाव आणि गाव (ते भरतीच्या वेळी शिपायाने स्वतः सांगितलेले असते), त्यानंतर हुद्दा, आणि सगळ्यात शेवटी तारीख. नंबर एका आकड्याने चुकला आणि बाकी सर्व जुळले तर ३ आणि ८ ची गल्लत तपासतो.

घरात चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल असेल तर त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कडेचे फोटो चारही बाजूंनी, तिरप्या उजेडात काढा. मेडल सोनाराकडे उजळायला देऊ नका, आधीच झिजलेली अक्षरे पॉलिशने जातात. वारलेल्याच्या घरी सरकारने पाठवलेली ब्राँझची मोठी गोल थाळी असेल तर तिच्यावर फक्त नाव असते, नंबर किंवा पलटण नसते. तिच्यामुळे माणूस युद्धात वारला एवढे कळते, कोणता गणपत ते कळत नाही. गावातल्या संगमरवरी पाटीवर बहुधा किती गेले आणि किती वारले एवढेच आकडे असतात.

मेसोपोटेमियात वारलेल्या आणि कबर माहीत नसलेल्यांसाठी कमिशनने इराकमध्ये उभारलेल्या बसरा स्मारकावर नाव दिसले नाही म्हणून निराश होऊ नका. तिथे भारतीय शिपायांची नावे कोरलीच नव्हती, पलटणीखाली नुसती संख्या होती. नावे नोंदवहीत आहेत. हा अन्यायच होता आणि कमिशनने २०२१ च्या अहवालात तो मान्य केला आहे. खडकीच्या स्मारकावर शोधायला जाण्याचा खर्चही वाचवा, तिथली पहिल्या महायुद्धाची नावे भारतात वारलेल्यांची आहेत. जिनिव्हाच्या रेडक्रॉसची युद्धकैद्यांची कार्डे घरबसल्या फुकट पाहता येतात. मात्र एकाच माणसाची दोन-तीन कार्डे असू शकतात, म्हणून प्रत्येक कार्डाची वेगळी ओळ करा.

आमच्या अहवालात ‘बहुधा’ हा शब्द आला की काहीजण नाराज होतात. पुरावा तेवढाच असेल तर आम्ही तेवढेच लिहितो. दगडावर कोरले जाणारे नाव दुसऱ्याच्या पणजोबांचे निघावे, हे आम्हाला चालणार नाही. पूर्ण शोधाला वेळ लागतो तो यामुळेच. कागदांची पहिली छाननी मात्र आम्ही विनामूल्य करतो आणि दोन नोंदी एकाच माणसाच्या नाहीत असे त्यातच दिसले, तर पुढचे पैसे घेण्याआधी तुम्हाला तसे कळवतो. कमिशनकडे नावातली चूक सुधारण्याचा अर्ज तुम्ही स्वतःही करू शकता. पुरावे क्रमाने लावून हवे असतील तर ते आम्ही करून देऊ.

पाठवताना मेडलच्या कडेचे फोटो, वडिलांचे नाव, गाव-तालुका, पलटण (ऐकीव असली तरी, पण ‘ऐकीव’ असे लिहून) आणि सापडलेली प्रत्येक नोंद न बदलता पाठवावी.