डेटा सेंटरचे पर्यावरणीय नियमन (मुंबई)

कृत्रिम बुद्धिमत्तेची आकडेमोड करणाऱ्या डेटा सेंटरांचा वीज, पाणी आणि हवेवर पडणारा भार आटोक्यात ठेवणारी कायदे व परवान्यांची चौकट. मुंबई महानगरात अशी केंद्रे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात, तसेच पवई-चांदिवली आणि पनवेल परिसरात आहेत. समुद्राखालच्या केबल वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजारही याच शहरात. त्यामुळे देशाच्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा वाटा इथे एकवटला आहे.

डेटा सेंटरसाठी भारतात स्वतंत्र पर्यावरण कायदा नाही. 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ती ‘इमारत व बांधकाम’ या सदरात मोडतात आणि बांधीव क्षेत्र 20,000 चौरस मीटर वा अधिक असेल तरच पूर्वमंजुरी लागते. खरी मेख इथेच आहे. साध्या सर्व्हरच्या रॅकला 5 ते 10 किलोवॉट पुरतात, जीपीयूंनी (कृत्रिम बुद्धिमत्तेची आकडेमोड करणाऱ्या वेगवान चिपांनी) भरलेला रॅक 100 किलोवॉटच्याही पुढे जातो. यंत्रे बदलली की विजेची भूक कितीतरी पटींनी वाढते. कागदावर इमारत तेवढीच राहते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र जल (1974) आणि हवा (1981) कायद्यांखाली घ्यावे लागते. आवारात ओळीने उभे असलेले डिझेल जनरेटर त्यात येतात. एरवी ते बंदच असतात, म्हणून त्यांच्या धुराची फारशी चर्चा होत नाही. पण 12 ऑक्टोबर 2020 सारखी अख्ख्या महानगराची वीज गेली, तर सगळे एकदमच धडधडू लागणार.

पाण्याचे गणित मुंबईच्या दमट हवेमुळे अवघड होते. बाष्पीभवनावर चालणारे कूलिंग टॉवर पावसाळ्यात तितकेसे प्रभावी ठरत नाहीत. हवेवर चालणारे चिलर (शीतयंत्रे) पाणी वाचवतात, पण वीज जास्त खातात. नुसत्या पाण्यावर बंधन घातले तर भार विजेकडे सरकतो. नवी मुंबई महापालिकेच्या कोपरखैरणे व ऐरोलीतील केंद्रांत सांडपाण्यावर तृतीय स्तराची प्रक्रिया होऊन ते उद्योगांसाठी उपलब्ध होते. शीतकरणासाठी हेच पाणी सक्तीचे करणे त्यातल्या त्यात सोपे.

सरकारचा कल मात्र सवलतींकडे आहे. केंद्राने 2022 मध्ये या उद्योगाला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला; राज्याच्या 2023 च्या माहिती तंत्रज्ञान धोरणातही त्याला प्रोत्साहने आहेत. युरोपीय संघात 500 किलोवॉट व त्याहून मोठ्या केंद्रांना वीज-पाणीवापराची माहिती कळवावी लागते. आपल्याकडे सेबीच्या (शेअर बाजार नियामकाच्या) नियमांमुळे शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या मोठ्या कंपन्या असे आकडे देतात, पण ते संपूर्ण कंपनीचे. महापेतील एका इमारतीने वर्षभरात किती पाणी घेतले, हे त्यातून समजत नाही.