क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस: ठाणे-नवी मुंबईत कोणती योजना, कोणते कागद

आतड्याच्या या दोन्ही दुखण्यांत खर्च दोन वाटांनी होतो. एक, कायम चालणाऱ्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि अधूनमधून कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी). दुसरा, आजार उसळला की भरती, क्वचित ऑपरेशन. बहुतेक सरकारी योजना दुसऱ्या खर्चासाठी आहेत. मेसालामाइनच्या (आतड्याची सूज कमी ठेवणारं औषध) महिन्याच्या गोळ्या त्यातून मिळतील या आशेवर राहू नका.

रोजच्या उपचारासाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय जवळचं. पोट-आतड्याच्या आजारांचा (गॅस्ट्रो) स्वतंत्र विभाग हवा असेल तर मुंबईतलं सायन किंवा केईएम रुग्णालय. दर महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापत असेल, तर आधी ईएसआयसीच्या दवाखान्यातच जा, कारण तिथे ओपीडीची औषधंही मिळतात. वागळे इस्टेट किंवा टीटीसी या औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांपैकी अनेकांना आपल्या पगारातून हे पैसे कापले जातात एवढंच ठाऊक असतं!

भरतीसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. पूर्वी पिवळं-केशरी कार्ड पाहिलं जायचं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही चालतं आणि रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र. योजनेतल्या रुग्णालयात पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) गाठा. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट दाखवा. पुढे रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागवतं. योजनेची यादी उपचारांच्या पॅकेजची आहे. त्यामुळे 'कोलायटिस बसतं का?' असं न विचारता, डॉक्टरांनी लिहिलेला उपचार किंवा ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते विचारा. शंका असल्यास हेल्पलाइन १५५३८८.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालयं. त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार द्या. अत्यवस्थ रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. अडवलंच तर ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करा.

उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. तब्येत ठीक असताना काढा. रक्तस्राव सुरू झाल्यावर घरातलं कोणी सेतूच्या रांगेत उभं राहणार की रुग्णाजवळ बसणार?

आता फाइल. दाखल्याइतकीच महत्त्वाची, आणि बहुतेकांची अर्धवट असते. पहिल्या कोलोनोस्कोपीचा फोटोंसह रिपोर्ट आणि बायोप्सीचा (आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीचा) रिपोर्ट हे दोन कागद हरवू देऊ नका. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की नवा डॉक्टर पहिल्यांदा हे दोन रिपोर्टच तपासतो. टीबीचा कोर्स झाला असेल तर त्याचेही कागद ठेवा. इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते. स्टिरॉइड कधी, किती डोस, कधी बंद केलं, हे तारखांसह एका पानावर लिहा. ॲझाथायोप्रिन (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर सीबीसीचे (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीचे) रिपोर्ट तारखेनुसार लावा. जुने कागद लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून ठेवा: थर्मल कागदावरची (बिलासारखा, उष्णतेने छपाई होणारा) अक्षरं कालांतराने उडतात आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने तो काळा पडतो.