डेटा सायन्स: ऑनलाइन एम.एस्सी. वेगळी, पीजी सर्टिफिकेट वेगळं

नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नरच्या कारखान्यांत नोकरी करणारी बरीच मुलंमुली हल्ली डेटा सायन्स शिकायचं म्हणतात. नोकरी सोडून दोन वर्षं पुण्याला जाऊन राहणं परवडत नाही, मग 'ऑनलाइन मास्टर्स' शोधायला लागतात. या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी समोर येतात. एक म्हणजे विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी, बहुतेक वेळा एम.एस्सी. दुसरी म्हणजे 'पीजी' (पोस्ट ग्रॅज्युएट, म्हणजे पदव्युत्तर) 'प्रोग्राम', 'एक्झिक्युटिव्ह पीजी सर्टिफिकेट' अशा नावांचे अभ्यासक्रम. दोन्हीकडे पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा, सांख्यिकी, मशीन लर्निंग हेच शिकवतात. दोन्हींच्या जाहिरातीत नामांकित संस्थेचं बोधचिन्ह असतं. गल्लत होते ती इथेच, आणि ती बहुधा पैसे भरून झाल्यावर कळते.

ओळखीतली एक मुलगी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झालेली. तिनं मोबाइल पुढे केला आणि विचारलं, "काका, ही पदवीच आहे ना?" वर ठळक अक्षरांत 'मास्टर्स-लेव्हल डेटा सायन्स' लिहिलं होतं. पान खाली सरकवत गेलो, फी आली, हप्ते आले, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना प्रमाणपत्र देण्यात येईल. 'मास्टर्स-लेव्हल' म्हणजे मास्टर्स नव्हे. जाहिरात खोटं बोलत नव्हती, पण वाचणाऱ्यानं तळापर्यंत जायचे कष्ट घेतले नसते तर त्या मुलीची समजूत तशीच राहिली असती.

मुळात पदवी कोण देऊ शकतं, हे कायद्यानं ठरलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956च्या कायद्यातलं कलम 22 सांगतं की केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. शिकवणी चालवणारी कंपनी कितीही मोठी असली तरी तिला तो अधिकार नाही. ती विद्यापीठाला तांत्रिक मदत करू शकते, पण पदवीवर सही विद्यापीठाचीच हवी. आयआयटींना हा अधिकार 1961च्या त्यांच्या स्वतंत्र कायद्यानं मिळालेला आहे. आयआयटी कानपूरचा ई-मास्टर्स ही खरीखुरी पदवी आहे आणि तिच्यासाठी 'गेट' या प्रवेश परीक्षेची अटही नाही. पण आयआयटींच्या निरंतर शिक्षण विभागांकडून सर्टिफिकेट कोर्सही चालतात. बोधचिन्ह तेच, हातात पडणारा कागद वेगळा. म्हणून नाव बघून थांबू नका, शेवटी काय मिळणार ते लेखी विचारा.

माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण अर्जातच असते. पदवीचा अर्ज कटकटीचा असतो आणि तो तसाच असायला हवा. दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या मार्कशीट लागतात. बऱ्याच ठिकाणी पदवीला किमान टक्के आणि गणिताची किंवा सांख्यिकीची पार्श्वभूमी मागतात. प्रवेश वर्षातून दोनदाच, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी अशा सत्रांना होतात. शिवाय 2024-25 पासून ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांसाठी डीईबी आयडी सक्तीचा झाला आहे. तो विद्यार्थ्यानं स्वतः आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, पोर्टलवर तयार करायचा असतो, आणि त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या विद्यार्थ्याचे शैक्षणिक क्रेडिट साठवणाऱ्या डिजिटल खात्याचा एबीसी आयडी लागतो. फी सहसा सत्रागणिक किंवा वर्षागणिक भरायची असते.

सर्टिफिकेटकडे या, सगळं उलट. नाव आणि मोबाइल नंबर टाकला की तासाभरात 'काउन्सेलर'चा फोन येतो. 'आज रात्रीपर्यंत सीट बुक करा, सवलत संपतेय' असं सांगतात. नव्या बॅच सतत सुरू होत असतात, त्यामुळे शेवटची तारीख कधी संपतच नाही. पूर्ण फी एकदम, आणि नसेल तर एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज त्याच फोनवर. हे कर्ज तुमच्या नावावर असतं, कोर्स अर्ध्यात सोडला तरी हप्ते थांबतीलच असं नाही. डीईबी आयडी कोणी विचारलाच नाही, तर भारतातल्या विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीच्या प्रवेशात ते बसत नाही. तिथेच थांबून चौकशी करा.

विद्यापीठ खरं आहे एवढ्यानंही भागत नाही. डीईबीच्या पोर्टलवर विद्यापीठाचं नाव, नेमका अभ्यासक्रम, 'ऑनलाइन' हा प्रकार आणि चालू सत्र या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. गेल्या वर्षीची मान्यता या वर्षी असेलच असं नाही. आणि 'ऑनलाइन एम.टेक.' दिसलं तर विशेष जपून: अभियांत्रिकीच्या पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं द्यायला आयोगाची परवानगी नाही.

नाशिकमध्ये आणखी एक प्रश्न हमखास येतो: "म्हणजे मुक्त विद्यापीठासारखंच ना?" गंगापूर धरणाजवळचं आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून दूरस्थ शिक्षण देतंय. दूरस्थ म्हणजे छापील पुस्तकं आणि अभ्यासकेंद्र, ऑनलाइन म्हणजे व्याख्यानं, चर्चा, स्वाध्याय सगळं संगणकावर. पद्धत वेगळी असली तरी मान्यता असेल तर दोन्ही पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या धरल्या जातात, हे आयोगानं सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.

सर्टिफिकेट वाईट असतं असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्याची इंजिनिअरिंगची पदवी आहे, सातआठ वर्षांचा अनुभव आहे आणि ज्याला त्याच कंपनीत प्लॅनिंगकडून ॲनालिटिक्सकडे सरकायचंय, त्याला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), पायथॉन आणि दाखवण्याजोगे दोन प्रोजेक्ट पुरतात. त्यानं दोन वर्षं परीक्षा देत बसू नये. पण पुढे प्राध्यापकी, पीएच.डी. किंवा पदव्युत्तर पात्रता मागणारी सरकारी जागा डोळ्यासमोर असेल, तर सर्टिफिकेट तिथे मोजलंच जात नाही, वरचं नाव कितीही मोठं असो. त्या मुलीला पुढे शिकवायचं आहे, म्हणून मी तिला एम.एस्सी.चाच अर्ज करायला सांगितलं.

अर्ज करणाऱ्यांनी एका गोष्टीला आधीच हात घालावा, ती म्हणजे नाव. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी छापतात, आधारवर बहुधा शेवटी. लग्नानंतर आधारवर नाव बदललं असेल तर फरक आणखी वाढतो. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून आधारच्या नावानं तयार होतो, आणि विद्यापीठ मार्कशीटवरचं नाव धरतं. नुसत्या क्रमाचा फरक बहुतेकदा खपून जातो, पण आडनावच वेगळं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत मागू शकतात. राजपत्राच्या कामाला वेळ लागतो. जानेवारीचा प्रवेश घ्यायचा असेल तर दिवाळीआधीच त्या मागे लागा.