एक लाखाचा आकडा आणि न थांबणारी उन्हाळी

लघवीला जळजळ होणे, घोटभर लघवीसाठी दर अर्ध्या तासाने उठावे लागणे आणि ओटीपोटात ठणकत राहणे, या त्रासाला मराठीत ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. डॉक्टरी भाषेत तो बहुधा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो आणि बहुतेकींना तीन ते पाच दिवसांच्या गोळ्यांनी उतार पडतो. काहींच्या बाबतीत मात्र गोळ्या संपतात, जळजळ थोडी निवते, आठवड्याभरात पुन्हा डोके वर काढते आणि लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू वाढले नाहीत. अशा वेळी रुग्ण खरा की रिपोर्ट खरा, हा वाद गेली सत्तर वर्षे चालू आहे आणि त्याचे मूळ एका आकड्यात आहे.

त्या आकड्याच्या आधीचा काळ लक्षणांचा होता. चरकसंहितेतल्या ‘त्रिमर्मीय’ अध्यायात हृदय, शिर आणि बस्ति (मूत्राशय) ही तीन मर्मे मानून मूत्रकृच्छ्राचे, म्हणजे कष्टाने होणाऱ्या लघवीचे, आठ प्रकार सांगितले आहेत. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार येतात आणि त्यांतल्या ‘उष्णवाता’ची कारणे अतिश्रम, वाटचाल आणि ऊन अशी दिली आहेत. ‘उन्हाळी’ या शब्दामागे हीच धारणा असावी, आणि धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा, गोखरू हे घरगुती उपाय तिला धरूनच आहेत. वैद्यापाशी रुग्णाने सांगितलेल्या त्रासाखेरीज फारसा पुरावा नसे, त्यामुळे ‘तुम्हाला काहीच झालेले नाही’ असे म्हणण्याची सोयही त्याला नव्हती.

जंतुशास्त्र आल्यावर पुरावा बदलला. निरोगी शरीरातली लघवी हवेतल्या जंतूंपासून जपून ठेवली तर ती नासत नाही, हे लुई पाश्चर यांनी १८६३ मध्ये दाखवले. १८८१ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम रॉबर्ट्स यांनी ताज्या लघवीत जंतू सापडलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. म्यूनिकमध्ये तान्ह्या बाळांच्या शौचाचा अभ्यास करणाऱ्या थिओडोर एश्चेरिश यांनी १८८५ मध्ये आतड्यातल्या एका जंतूचे वर्णन केले आणि १८९४ मध्ये तोच जंतू लहान मुलांच्या मूत्राशयाच्या दाहाला कारण होतो असे मांडले. पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेलेला हा ई. कोलाय आजही या संसर्गाचा पहिल्या क्रमांकाचा कारक आहे. या सगळ्यातून एक समज मात्र नकळत घट्ट झाला, तो म्हणजे निरोगी लघवी पूर्ण निर्जंतुक असते आणि जंतू दिसले की आजार, न दिसले की आजार नाही.

व्यवहारात अडचण अशी होती की बाहेर येणारी लघवी त्वचेवरून येते आणि तिथले जंतू सोबत आणते. म्हणून बायकांचा नमुना नळी घालून घेण्याची पद्धत होती, आणि ती नळीच अनेकदा संसर्ग आत नेत असे. या संदर्भात बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड कॅस यांचे १९५६ चे काम पाहावे लागते. ज्यांच्या मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचला होता अशा स्त्रियांच्या लघवीत दर मिलिलिटरला बहुधा १,००,००० किंवा त्याहून अधिक जंतू आढळत, तर बाहेरून मिसळलेल्या जंतूंची संख्या सहसा त्याच्या पुष्कळ खाली राहत असे. ही रेघ आखल्यामुळे नळी न घालता, लघवीची मधली धार घेऊन निदान करणे शक्य झाले. कोणताही त्रास नसलेल्या गरोदर स्त्रियांच्या लघवीत जंतू असतील तर पुढे त्यांना मूत्रपिंडाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो हेही कॅस यांनी दाखवले, आणि आज गरोदरपणात लघवीची तपासणी आवर्जून केली जाते त्यामागे हे काम आहे. तेव्हा कॅस यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांची रेघ मूत्रपिंडाचा संसर्ग झालेल्या आणि मुळीच लक्षणे नसलेल्या स्त्रियांच्या अभ्यासातून आली होती. प्रयोगशाळांनी मात्र ती सर्वांनाच लावली, अगदी जळजळीने कळवळत दवाखान्यात आलेल्या बाईलाही.

ज्यांना त्रास होता पण ज्यांचा आकडा भरत नव्हता, त्यांच्यासाठी ‘युरेथ्रल सिंड्रोम’ असे नाव निघाले. मूत्रनलिका अरुंद असावी असे गृहीत धरून ती सळईने रुंद करण्याचा उपचार कित्येक दशके होत राहिला, आणि त्यानेही बरे वाटले नाही तर मनावर बोट ठेवले जाई. दुसरा कप्पा ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’चा होता. १९१५ मध्ये गाय हनर यांनी मूत्राशयाच्या आतल्या विशिष्ट व्रणांचे वर्णन केले होते. तो आजार खराच आहे आणि त्यावर प्रतिजैविके उपयोगाची नाहीत. पण पुढे या कप्प्यात व्रण नसलेल्या, निदान न लागलेल्या कितीतरी जणी टाकल्या गेल्या.

१९८२ मध्ये सिएटलच्या वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी तीव्र जळजळ असलेल्या स्त्रियांची मधल्या धारेची लघवी आणि थेट मूत्राशयातून काढलेली लघवी यांची तुलना केली. मूत्राशयात ई. कोलायच्या गटातले जंतू नक्की असलेल्या स्त्रियांपैकी केवळ ५१ टक्के जणी एक लाखाच्या कसोटीत बसत होत्या. लक्षणे असतील तर १०० जंतूही पुरेसे मानावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. निम्म्या रुग्णांना नापास करणारी कसोटी लगेच बदलली जाईल असे कोणालाही वाटेल, पण आजही अनेक रिपोर्टांच्या तळाशी तोच एक लाख छापलेला दिसतो. कमी संख्येतले जंतू मोजायला जास्त वेळ आणि जास्त काळजी लागते, हे त्याचे एक साधे कारण आहे.

उपचारानंतर जंतू जातात कुठे, या प्रश्नाला अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्रयोगशाळेतून नवे उत्तर मिळाले. स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटाने उंदरांवर दाखवले की ई. कोलाय आपल्या केसासारख्या तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो, पेशींच्या आत शिरतो आणि तिथे शेंगांसारखे घट्ट पुंजके करून राहतो. हे निरीक्षण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २००७ मध्ये संसर्ग झालेल्या काही स्त्रियांच्या लघवीतल्या पेशींमध्येही असेच पुंजके सापडले. पेशीत दडलेला जंतू लघवीच्या नमुन्यात येत नाही, आणि अनेक प्रतिजैविके तिथवर पुरेशी पोचत नाहीत. गोळ्या संपल्यावर तोच जंतू परत येण्याचे एक पटणारे स्पष्टीकरण त्यामुळे मिळाले, मात्र माणसांत किती जणींच्या बाबतीत हेच घडते ते उंदरांवरून ठरवता येत नाही.

लंडनमध्ये प्राध्यापक जेम्स मॅलोन-ली यांनी याच दिशेने उपचार चालवले. ताजी लघवी तत्काळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पांढऱ्या पेशी मोजायच्या, रुग्णाच्या लक्षणांना वजन द्यायचे आणि गरज वाटल्यास प्रतिजैविक महिनोन् महिने चालू ठेवायचे, अशी त्यांची पद्धत होती. २०१५ मध्ये त्यांच्या दवाखान्यातल्या या उपचारांवर निर्बंध आले, रुग्ण कायद्याच्या वाटेने भांडले आणि दवाखाना पुन्हा चालू झाला. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने ६२४ स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या बऱ्याच जणींना गुण आला होता, पण उपचाराचा काळ सरासरी वर्षाहून अधिक होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून या पद्धतीला सिद्ध म्हणता येत नाही, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगीही नाही. २०२२ मध्ये मॅलोन-ली यांचे निधन झाले. त्याच वर्षी ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने रुग्णांसाठीच्या आपल्या माहितीत चिवट, दीर्घकालीन मूत्रसंसर्गाचा उल्लेख केला.

दरम्यान शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या समजाचा पायाच काढून घेतला. अधिक लघवी, निरनिराळी माध्यमे आणि जास्त काळ अशी सुधारित कल्चर पद्धत वापरून त्यांनी २०१४ मध्ये दाखवले की निरोगी स्त्रियांच्या मूत्राशयातही जंतू राहतात. यामुळे ‘नो ग्रोथ’ हा शब्द जितका डळमळीत झाला, तितकाच त्याच्या उलटचा युक्तिवादही झाला. प्रत्येक जंतू शोधून काढणारी महागडी तपासणी करून घेतली आणि दहा नावे आली, तरी त्यांतला त्रास देणारा कोण हे त्या यादीवरून कळत नाही.

औषधांचा इतिहास याला समांतर चालतो. १८९० च्या दशकात आर्थर निकोलायर यांनी आणलेले युरोट्रोपिन, म्हणजे मेथेनमीन, आम्ल लघवीत फुटून फॉर्माल्डिहाइड तयार करते आणि त्याने जंतू मरतात. १९३५ नंतर सल्फा औषधे आली, १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटॉइन आले आणि मेथेनमीन मागे पडले. क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थाच्या धाग्यावरून १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक आम्ल सापडले, आणि त्याच घराण्यातली नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन १९८० च्या दशकात आली. आपल्याकडे ती इतकी सढळ हाताने वापरली गेली की ताप, जुलाब, उन्हाळी, कशालाही औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणून घेण्याची रीत पडली. अर्धवट घेतलेल्या अशा गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, कल्चर मात्र कोरे येते. चिवट उन्हाळीच्या कितीतरी कहाण्यांची सुरुवात इथे असते.

प्रतिरोधाची, म्हणजे जंतू औषधांना दाद देईनासे होण्याची, किंमत २००८ मध्ये ठळकपणे पुढे आली. दिल्लीत रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या, भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीतल्या जंतूत राखीव प्रतिजैविकेही निकामी करणारे एक विकर (एन्झाइम) सापडले आणि त्याला ‘न्यू दिल्ली’ हे नाव चिकटले. नावावरून आपल्याकडे बराच रोष झाला. तो समजण्यासारखा होता, पण त्यामुळे मूळ प्रश्न लहान झाला नाही. १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविके ‘शेड्यूल एच-१’ खाली आली आणि त्यांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारांना बंधनकारक झाले.

प्रतिजैविकांची धार बोथट होऊ लागल्यावर जुने औषध पुन्हा आठवले. ब्रिटनमधल्या २४० स्त्रियांवरच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वारंवार होणारा संसर्ग टाळण्यासाठी मेथेनमीन हे रोजच्या प्रतिजैविकापेक्षा ठरवलेल्या मर्यादेपलीकडे कमी पडले नाही. गंमत अशी की ते आम्ल लघवीतच काम करते, आणि आपल्याकडे जळजळीवर सर्रास दिले जाणारे गोड औषध लघवी अल्कधर्मी करणारे असते. दोन्ही एकत्र घेतली तर एकाने दुसऱ्याचे पाणी होते.

भारतात हा प्रश्न आणखी एका वळणाने जातो. लघवीत पांढऱ्या पेशी भरपूर, नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच नाही आणि त्रास महिनोन् महिने, असे चित्र असेल तर मूत्रमार्गाच्या क्षयाची शंका घ्यायला हवी, कारण क्षयाचा जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाही. प्रोटियस जातीचा जंतू वारंवार सापडत असेल तर मुतखडा शोधावा लागतो, कारण खड्यात दडलेले जंतू औषधाला दाद देत नाहीत. पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी हा तसाच अड्डा आहे. तो ओळखण्यासाठी मीअर्स आणि स्टेमी यांनी १९६८ मध्ये लघवीचे वेगवेगळे भाग स्वतंत्र तपासण्याची रीत सांगितली होती. मधुमेह आणि लैंगिक संबंधांतून येणारे संसर्गही पाहायचे असतात. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गातले अस्तर पातळ होते आणि तिथले उपकारक जंतू कमी होतात. १९९३ मध्ये ९३ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत योनीत लावायचे इस्ट्रोजेन मलम वापरणाऱ्या गटात संसर्गाचे वर्षाचे प्रमाण दर स्त्रीमागे ०.५ होते, तर औषध नसलेले मलम वापरणाऱ्या गटात ५.९. इतका फरक पडूनही हे मलम सुचवले जाताना फारसे दिसत नाही; त्यात संकोचाचा वाटा मोठा असावा.

घरच्या उपायांपैकी क्रॅनबेरीचा वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांना काही उपयोग होतो असे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात म्हटले आहे, तर गाजावाजा झालेल्या डी-मॅनोज साखरेचा २०२४ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. चिवट त्रास असलेल्या व्यक्तीने नवी गोळी सुरू करण्याआधीच कल्चरचा नमुना देणे आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार जपणे, यातून डॉक्टरांना पुष्कळ कळते. दोन आठवड्यांत तोच जंतू परतला आहे की दर वेळी नवा येतो आहे, यावर पुढची दिशा ठरते. थंडी वाजून ताप, पाठीत किंवा कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीतून रक्त जाणे, ही लक्षणे असली किंवा रुग्ण गरोदर असली, तर घरी थांबू नये.

पाणी पिण्याचा सल्ला सगळेच देतात. बल्गेरियात १४० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एरवी कमी पाणी पिणाऱ्यांपैकी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलेल्या गटात वर्षातले संसर्ग सरासरी १.७ होते, तर पूर्वीइतकेच पाणी पिणाऱ्या गटात ३.२. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या कार्यकर्त्या सांगत होत्या ते याच्या नेमके उलट बाजूचे होते: सार्वजनिक मुताऱ्यांत पुरुषांना पैसे पडत नाहीत, बायकांना पडतात, आणि जिथे सोयच नाही तिथे त्या दिवसभर पाणी पिणेच टाळतात. एसटीने चार तास प्रवास करणाऱ्या किंवा बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला दीड लिटरचा सल्ला देणाऱ्याने, तिच्या वाटेवर दाराला कडी असलेले शौचालय कुठे आहे, हे आधी विचारायला हवे.