मागे डिस्क ब्रेक बसवले की जीप निम्म्या अंतरात थांबते?

"मागचे ड्रम काढून डिस्क टाका, गाडी निम्म्या अंतरात थांबेल." हा मेसेज साताऱ्याच्या जीपवाल्यांत वर्षानुवर्षे फिरतोय. (ड्रम ब्रेक बंद डब्याच्या आतून दाबतो, डिस्क ब्रेक उघड्या तबकडीला दोन्ही बाजूंनी आवळतो.) पटण्यासारखा आहेच, ओढ्यातून गाडी काढली की भिजलेले ड्रम थोडा वेळ खरंच धरत नाहीत.

पण शेवटी गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. म्हणून बहुतेक काम पुढचेच ब्रेक करतात. शिवाय ड्रममधला एक शू (आतून दाबणारी ब्रेकची पट्टी) चाकाच्या फिरण्यानेच आणखी घट्ट रुततो, म्हणजे ताकद कमी नसते.

जुन्या, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या जीपवर स्वतः बघा. मोकळ्या मैदानात ३० च्या स्पीडला जोरात ब्रेक मारा, मित्राला लांब बाजूला उभं करून मागची चाकं बघायला सांगा. ती आत्ताच जाम होऊन घसटत असतील, तर डिस्कने अंतर घटणार नाही. उलट पुढच्या-मागच्या दाबाचं गणित बिघडलं तर मागचा भाग फिरतो.

डिस्कचा फायदा आहे, पण वेगळा: पाणी-चिखल लवकर झटकते, यवतेश्वरचा घाट उतरताना लवकर थंड होते. हँडब्रेकचं मात्र आधी विचारून घ्या, बऱ्याच कॅलिपरला (डिस्क आवळणाऱ्या भागाला) ती सोयच नसते.