टॉन्सिल काढल्यानंतर घशातील जखम कशी भरते

टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागे असणारी टॉन्सिलसारखीच गाठ) काढण्याची शस्त्रक्रिया तासाभराच्या आत उरकते, मूल बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी येते आणि आता दुखणे रोज थोडे थोडे उतरत जाईल असे घरचे धरून चालतात. प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते बरेचदा वाढते. औषध लागू पडले नाही किंवा जखम चिघळली, अशी शंका तेव्हा येते. पण बहुतेक वेळा याचे कारण जखमेच्या स्वरूपातच असते.

पोटावर छेद घेतला तर त्वचेच्या कडा टाके घालून जुळवता येतात. टॉन्सिल काढल्यावर उरलेला खळगा मात्र सहसा उघडाच ठेवला जातो आणि तो तळाकडून व कडांकडून हळूहळू भरत येतो. साधारण दिवसभरात त्यावर फायब्रिन या प्रथिनाचा पांढरट-पिवळसर थर धरू लागतो. गुडघा खरचटल्यावर धरते तशीच ही खपली, फक्त लाळेने सतत भिजल्यामुळे ती कडक व काळपट न होता मऊ आणि पांढरी राहते. टॉर्च लावून पाहणाऱ्याला हा पू वाटतो, त्यातच तोंडाला उग्र वास येऊ लागतो आणि घरात काळजी पसरते. हा थर पू नव्हे. तो बोटाने किंवा कापसाने पुसू नये. त्याच्याखाली नवी त्वचा तयार होत असते आणि काम झाले की तो आपोआप सुटतो.

खळग्याच्या तळाशी घशाचे स्नायू उघडे पडलेले असतात आणि गिळताना तेच आकसतात, म्हणून प्रत्येक घोट दुखतो. कान दुखण्याची तक्रारही हमखास येते. मेंदूतून निघणारी नववी चेता टॉन्सिलच्या जागेला आणि मध्यकर्णाला अशा दोन्हींना संवेदना पुरवते, त्यामुळे घशातली कळ मेंदूला कानातली वाटते. कान तपासला तर तो बहुधा निर्दोष असतो.

दुखते म्हणून मूल पीत नाही, न प्यायल्याने घसा कोरडा पडतो आणि मग आणखी दुखते. हे चक्र तोडण्यासाठी पहिले काही दिवस वेदनाशामक, दुखू लागण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी आणि वजनानुसार ठरवलेल्या मात्रेतच द्यावे. जेवण कमी झाले तरी चालते, पाणी कमी होता कामा नये. लघवी कमी किंवा गडद होणे ही त्याची पहिली खूण. पूर्वी सर्रास दिले जाणारे कोडीन हे वेदनाशामक मात्र मुलांना देऊ नये. काहींच्या यकृतात त्याचे मॉर्फीनमध्ये रूपांतर फार वेगाने होते आणि श्वास मंदावतो. अशा मृत्यूंनंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध कडक इशारा दिला.

रक्तस्रावाचा धोका दोनदा येतो. पहिल्या 24 तासांतला बहुधा रुग्णालयाच्या नजरेखाली असतो. दुसरा साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे खपली सुटते तेव्हा, संभवतो आणि माझ्या मते तोच अधिक फसवा, कारण तोवर मूल खेळू लागलेले असते आणि घरचे निर्धास्त झालेले असतात. थुंकीत एखादी लालसर रेघ दिसली तरी डॉक्टरांना कळवावे. लालभडक रक्त आले, रक्ताची उलटी झाली किंवा झोपेत मूल वारंवार आवंढे गिळताना दिसले, तर थांबेल म्हणून वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळते.

ॲडेनॉइडची जखम नाकामागे, नजरेआड असते आणि तिचा त्रास तुलनेने कमी. सूज असेपर्यंत घोरणे एक-दोन आठवडे चालूच राहते. टाळूला नव्याने मोकळ्या झालेल्या जागेची सवय होईपर्यंत आवाज नाकातून येतो, क्वचित प्यायलेले पाणीही नाकात चढते. हे बहुतेक मुलांत आपोआप थांबते, पण महिना-दोन महिन्यांनंतरही टिकले तर पुन्हा तपासणी करून घ्यावी.