अर्भकावस्थेतील प्रतिकार-ताण व डोक्याचा मुका मार

जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत जंतुदोषासारख्या आजाराने प्रतिकारयंत्रणेवर पडलेला ताण, पुढे बालपणी डोक्याला मुका मार लागून मेंदूला धक्का बसल्यास, मूल बरे होण्याचा काळ लांबवू शकतो, अशी ही संकल्पना आहे.

तिच्या केंद्रस्थानी मायक्रोग्लिया या मेंदूतील संरक्षक पेशी आहेत. त्या गर्भावस्थेतच मेंदूत येऊन स्थिरावतात, दीर्घकाळ टिकतात आणि वाढत्या मेंदूतील अनावश्यक चेतासंधी (चेतापेशींमधले जोड) छाटण्याचे कामही करतात. त्यामुळे ऐन त्या काळात झालेल्या संसर्गाचा ठसा त्यांच्यावर राहू शकतो. वरवर शांत दिसणाऱ्या अशा पेशी पुढच्या आघातानंतर इंटरल्युकिन-१ बीटासारखी दाहकारक द्रव्ये अधिक प्रमाणात स्रवतात. जन्मानंतर चौथ्या दिवशी ई. कोलाय जिवाणूंचा संसर्ग दिलेल्या उंदरांमध्ये, मोठेपणी प्रतिकारयंत्रणेला पुन्हा डिवचल्यावर स्मरणशक्ती ढासळल्याचे दिसले आहे. मात्र हा पुरावा मुख्यतः प्राण्यांवरचा असून, लहानपणी आजारी पडलेल्या प्रत्येक मुलाला तो लावणे चुकीचे ठरेल.

ग्रामीण विदर्भात या प्रश्नाचे दोन्ही धागे एकत्र येतात. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा दिली, त्यात जंतुदोषावर जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या इंजेक्शनांचाही समावेश होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. एरवी दगावली असती अशी मुले जगली, आणि पुढे इतरांसारखीच चिंचेच्या झाडावरून, बैलबंडीवरून किंवा मोटारसायकलवरून पडू लागली. त्यांच्या तपासणीत जन्मानंतरच्या आजाराची चौकशी सहसा होत नाही. आईला विचारले, तर 'बाळ दूध ओढत नव्हतं, अंग थंड पडलं होतं' एवढी आठवण बहुधा निघते, आणि जंतुदोषाची शंका येण्यास तेवढी पुरेशी असते.

उपचार मात्र या इतिहासाने बदलत नाहीत. २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती (पूर्ण निजून न राहता, हलक्या हालचालीसह), नंतर हळूहळू चालणे-फिरणे व शाळा, आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत कबड्डी किंवा झाडावर चढणे बंद, हीच आजची रीत आहे. मुलाला अंधाऱ्या खोलीत अनेक दिवस निजवून ठेवण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. बहुतेक मुले चार आठवड्यांत सावरतात. अर्भकपणी गंभीर जंतुदोष होऊन गेलेल्या मुलाची डोकेदुखी, झोप व अभ्यासातील लक्ष यांवर त्यानंतरही नजर ठेवणे शहाणपणाचे आहे. वारंवार उलटी, वाढती गुंगी, झटके किंवा डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांच्या आकारात फरक दिसल्यास मात्र वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते.